राखेचा डेरा

नांदेड,
पौष शुद्ध सप्तमी, सन १३५० फसली

मामा, उठू नका. इंदूच्या हातातला हा माझा कागद वाचून होईस्तोवर तरी बसा. मागच्या वेळी तुम्ही दुसऱ्याच ओळीला उठलात आणि जाता जाता तिला म्हणलात, "हे कोणाला लिवलंय त्यानं? मला का पेपरला?" तिनं मला तसंच्या तसं कळवलं. तुमचं खरं होतं, ते पेपरलाच लिहिल्यासारखं होतं. पण म्हणून माणसानं असं मधूनच उठून जावं का? भांडायचं तर बसून भांडा की. शिव्या द्या मला. तुम्ही शिवी देत नाही, हेच लई लागून राहिलंय.

असो. तुम्हाला शरणार्थ. तुळजाबाई मामीलाही नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. थंडी बक्कळ आहे. आईचा गुडघा तसाच. ती म्हणते, चाकूरला माहेरी गेलं की आपोआप थांबतो, नांदेडला आलं की धरतो.

इंदू, तुला वेगळा कागद लिहिलेला नाही. एवढंच सांगतो, वाचताना काही गाळू नको. पुढं तुला तुझ्या भावाची लाज वाटेल अशा जागा येतील. तिथं आवाज उतरला तर उतरू दे, ओळ सोडू नको. मामांना वाचता येत नाही, याचा फायदा मी एकदा घेतलाय. तू घेऊ नको.

मामा, त्या नुमाइशीचं मी तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. "भांडी नेतो, लोकांना दाखवतो, परत आणून देतो," एवढंच म्हणलो होतो. तुम्ही म्हणलात, "दाखवायचं काय त्याच्यात? घ्यायचं असल तर घ्यावं मानसानं." मी हसलो. तुम्हाला समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता.

हैदराबादला कॉलेजात असताना मी एका बंगल्यात मातीच्या भांड्यांची नुमाइश पाहिली होती. एक वाटी, एक सुरई, एक ताटली. प्रत्येक भांडं पांढऱ्या कपड्यावर एकटं ठेवलेलं, खाली चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव. लोक देवळातल्यासारखे हळू बोलत होते. करणारे सगळे शिकले-सवरलेले, दोघं तर विलायतेला जाऊन आलेले. मी तिथं उभा राहून मनात म्हणलो, याच्याहून चांगलं आमच्या चाकूरला निंबाखाली रोज होतं, आणि त्याला कोणी पांढरा कपडा टाकत नाही. ह्यात काही खोटं नव्हतं. इथपर्यंत मी चांगला होतो.

मग नांदेडला आलो आणि वाचनालयाच्या वरच्या दालनासाठी अर्ज केला. आजकाल चार माणसं जमवायची तरी इजाजत लागते. मडकी जमवायची म्हणल्यावर लगेच मिळाली, मडकी भाषण करत नाहीत ना. मुदखेडहून आणली, लातूरहून आणली. तुमच्याकडून चार. रांजण, माठ, घागर आणि ते झाकणाचं उतरंडीतलं भांडं. गवतात बांधण्याआधी तुम्ही एकेक बोटानं वाजवलं. मी म्हणलो, "तुमचं कशाला वाजवून बघायचं मामा? चाकुरात कोणी वाजवून घेत नाही." तुम्ही म्हणलात, "लोक वाजवत न्हाईत म्हणून तर मला वाजवावं लागतं."

पाचवं भांडं तुम्ही दिलेलं नाही.

परसात चुलीच्या राखेचा डेरा होता ना, मामी भांडी घासायला राख ठेवते तो. एका बाजूनं भाजून लाल झालेला आणि दुसऱ्या बाजूला धुराचा काळा डाग, वर निळसर होत गेलेला. भट्टीत वारं फिरलं असेल. काठापासून पोटापर्यंत केसासारखा तडा. मी तो कित्येक वर्षं पाहिलाय, पण त्या दिवशी ऊन तिरपं पडलं होतं आणि मी बघतच राहिलो. मला तो लई आवडला मामा. आजही आवडतो. हे सांगायलाही आता लाज वाटते, पण हे एक तरी खरं आहे.

तुम्ही ओढ्याकडं मातीला गेला होता. मामी म्हणाली, "मामाला इचारलंस का?" मी म्हणलो, "हाव, विचारलं." तिनं राख फुटक्या घमेल्यात उपडी केली, डेरा पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "ह्याचं काय करतोस रं, इद्रूप हाय की ते." मी म्हणलो, "तेच तर पायजे."

मामीवर रागावू नका. तिला मी फसवलं.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. सहा-सात वर्षांचा होतो, आईबरोबर आजोळी आलो की दिवसभर तुमच्या चाकापाशी. तुम्ही म्हणायचात, "डोळ्यानं न्हाई कळत, कान लाव." मी एकेक वाजवायचो. खणखण वाजलं की डावीकडं, बद्द वाजलं की उजवीकडं. डावीकडचं बाजारात जायचं, उजवीकडचं तुम्ही स्वतःच्या हातानं फोडायचात, नाहीतर घरात वापरायचात. मी विचारलं होतं, तुमच्याच घरात सगळी वाकडी भांडी कामून? तुम्ही म्हणलात, "माझं वंगाळ माझ्या घरात ऱ्हावं. लोकाच्या घरी जाऊ न्हाई." हे मला पाठ होतं. वीस वर्षं पाठ होतं, आणि मी ते तुमचं वंगाळ उचलून नांदेडच्या मधोमध ठेवलं.

मधोमध म्हणजे अगदी मधोमध. खिडकीखाली, मेजावर, पांढऱ्या कपड्यावर. तुमची चार चांगली भिंतीकडं, मुदखेडच्या माठांच्या ओळीत.

आणि खाली चिठ्ठी लावली. इंदू, ही चिठ्ठी जशी होती तशी वाच:

"चाकूरचे गुरुबसप्पा कुंभार. तडा मुद्दाम ठेवलेला आहे. अखंडपणाचा कंटाळा आलेल्या हातानं केलेलं भांडं."

वाचलीस? आता मामांना पुन्हा एकदा वाचून दाखव.

कंटाळा मला आला होता मामा. तुम्हाला काय कंटाळा येणार? मी कथा लिहितो, त्यांना शेवट नसतो. मधेच तोडतो, माणसांना नावं देत नाही, कोणाचं काय झालं सांगत नाही. इंदू म्हणते, "दादा, तुझी गोष्ट वाचली की जेवता जेवता ताट काढून घेतल्यासारखं होतं." मला वाटायचं, हे नवं आहे. कोणीतरी मोठं माणूस माझ्या बाजूला असावं असंही वाटायचं. म्हणून माझा कंटाळा मी तुमच्या हाताच्या नावावर लिहिला. ते हात मला येऊन विचारणार नाहीत, हे माहीत होतं.

लातूरच्या गंज बाजारातले माधवराव आडते पहिल्याच दिवशी आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, पोट धरून हसले आणि लातूरला जाऊन सांगितलं. तिथून ते मोटारीनं चाकूरला, तुम्हाला कळायच्या आधीच, पोचलं असणार. गुरुबसप्पा आता मुद्दाम फुटकं करतो, आणि नांदेडचे साहेब लोक त्याला शाबासकी देतात.

आता तिसऱ्या दिवसाचं. त्याच्या आधी सांगायचं राहिलं, लंगरसाहेब गुरुद्वाऱ्याच्या बाजूला नवा रस्ता होऊन राहिला आहे, आणि वाचनालयात दोन कपाटं नवीन आली, सागाची. आमच्या घरामागच्या विमलताईला मुलगी झाली.

नाही. हे मी टाळून राहिलोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याचे अव्वल तालुकदारसाहेब आले होते, सोबत हैदराबादचे दोन पाहुणे. मी त्यांना डेऱ्यापाशी घेऊन उभा होतो आणि माझीच चिठ्ठी उर्दूत समजावून सांगत होतो. दालनात वीसेक माणसं असतील, सगळी गप्प. तेवढ्यात दारात तुम्ही दिसलात.

धुतलेलं धोतर, नवा पटका, काखेत भाकरीचं फडकं. दाढी केलेली. इंदूनं मला नंतर लिहिलं की आदल्या दिवशी तुम्ही बाजार नसताना न्हाव्याकडं गेला होतात आणि मामीनं विचारल्यावर म्हणलात, "माझी भांडी ठिवलीत म्हणं, बघून येतो." कोणी बोलावलं नव्हतं तुम्हाला. बोलवायचं मला सुचलंच नव्हतं. ज्याचं नाव मी चिठ्ठीवर लिहिलं तो माणूस मोटारीत बसून येऊ शकतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही मला पाहून हसलात. मी हसलो नाही.

शेषेराव चपराशी तुम्हाला म्हणाला, हात लावायचा नाही, तसं लिहिलंय. तुम्ही मान हलवली आणि हात पाठीमागं बांधले. भिंतीकडच्या चार भांड्यांपाशी उभं राहिलात. मग पुढं आलात, खिडकीकडं, आणि डेरा पाहिला.

तुम्हाला ओळखायला वेळ लागला. मी बघत होतो. आधी वाटलं दुसऱ्या कोणाचा. मग तुम्ही वाकलात, डाग पाहिला, तडा पाहिला. पाठीमागचा एक हात सुटला, बोट वाकलं आणि तुम्ही काठावर टिचकी मारली.

बद्द.

सगळ्या दालनात ऐकू गेलं. शेषेराव धावला. साहेबांनी मला विचारलं, "ये कौन हैं?"

इंदू, इथं थांबू नको.

मी म्हणलो, "मालूम नहीं हुजूर. कोई देहाती है, ग़लती से आ गया."

मामा, तुम्हाला उर्दू कळतं. कचेरीत चार खेटे घातलेल्या कोणालाही कळतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. सांगतील, हा माझ्या चाकावर बसून मोठा झालाय, हे भांडं माझ्या घरच्या राखेचं आहे, ह्यानं चोरून आणलंय. पण तुम्ही साहेबांकडं वळून हात जोडलेत आणि म्हणलात, "हाव. चुकून आलो."

आणि जिन्यानं खाली गेलात.

मी का म्हणलो ते तुम्हाला कळलं असेल, तरी माझ्या तोंडानं सांगतो. मला तुमच्या धोतराची लाज वाटली नाही. वाटली असती तर एक वेळ माफी मागता आली असती, लहानपणापासूनचं वळण म्हणता आलं असतं. मी घाबरलो. तुम्ही तोंड उघडलं असतं तर साहेबांपुढं माझी चिठ्ठी खोटी पडली असती. त्या दीड ओळीसाठी मी तुम्हाला ओळखलं नाही. तुमच्यात आणि एका कागदाच्या तुकड्यात मी कागद उचलला, आणि उचलायला मला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

नंतर साहेब म्हणाले, ह्या गुरुबसप्पाला एकदा भेटायला पाहिजे. मी म्हणलो, म्हातारे आहेत, प्रवास झेपत नाही. तुम्ही तेव्हा खालच्या पायरीवर होता.

हे मला शेषेरावनं संध्याकाळी सांगितलं. म्हणाला, "ते म्हातारबाबा लई वेळ बसले होते जिन्यात. भाकरी सोडली, खाल्ली न्हाई, पुन्हा बांधली. मला इचारलं, वरची ती भिताडाकडची चार कुणी वाजवून बघितली का? मी म्हणलं, हात लावायचा हुकूम न्हाई बाबा. तर म्हणले, मग लोकायला कळंल कसं?"

मामा, मी दोन महिने त्या नुमाइशीचा विचार केला. खिडकी कुठली, कपडा कसला, उजेड कसा. हा एक प्रश्न मला पडला नाही.

ते ऐकूनसुद्धा मी दुसऱ्या दिवशी चिठ्ठी काढली नाही. पुढचे दहा दिवस ती तिथंच होती. हे लिहिणं अवघड होतं म्हणून मागच्या कागदात गाळलं, आणि त्याऐवजी मातीबद्दल, आभाळाबद्दल दोन पानं लिहिली. तुम्ही उठलात ते बरं केलंत.

मग इंदूचं पत्र आलं. गेल्या बाजारी तुम्ही संक्रांतीची पहिली सुगडं घेऊन बसला होता. केवळाबाई आली. तीस वर्षं तुमच्याकडूनच सुगडं नेणारी केवळाबाई. तिनं पाच उचलली, आणि ओटीत घालण्याआधी एकेक वाजवून पाहिलं. पाचही खणखणीत होती, तिनं नेलीही. तिच्या मागच्या बाईनंही वाजवलं. तिच्यामागं तिसरीनं. मग तुम्ही टोपलं झाकलंत, घरी आलात, आणि तेव्हापासून चाक फिरलेलं नाही. भट्टीवर शेणाच्या गोवऱ्या वाळत घातल्या आहेत. गावातल्या बाया इंदूला विचारून राहिल्यात, यंदा वाणाला सुगडं कुठली आणायची?

केवळाबाईची चूक नाही. सवाष्णीच्या वाणाचं सुगड तडकलेलं निघालं तर वर्षभर तिच्या जिवाला घोर. "तडा मुद्दाम ठेवतो" म्हणून नाव झालेल्या कुंभाराचं तिनं का म्हणून वाजवू नये?

हे वाचलं तेव्हा नुमाइशीचे दोन दिवस उरले होते. मी वर गेलो आणि "हात लावू नये"चा तख्ता काढला. माझी चिठ्ठी फाडली, दुसरी लावली: "हा डेरा भट्टीत तडकला. चाकूरच्या गुरुबसप्पा कुंभारांनी तो टाकून दिला होता, घरात राखेसाठी होता. मी न विचारता आणला. त्यांचं काम भिंतीकडं आहे, वाजवून पाहावं. मार्तंड."

हा काही मोठेपणा नाही. साहेब गेले होते, हैदराबादचे पाहुणे गेले होते. दोन दिवसांत मोजून अकरा माणसं आली. एक शाळामास्तर तुमची घागर वाजवून अर्धी घटका तिथंच उभे राहिले. शेषेरावनं रांजण वाजवला आणि हसला. मी स्वतः चारही वाजवली. मग डेरा वाजवला. माझं पुस्तकी कौतुक सगळं त्या एका आवाजात गेलं.

हैदराबादहून कागद आलाय. डेरा तिकडच्या मोठ्या नुमाइशीत मागितलाय, सोबत माझा मजकूर छापायचा म्हणतात. पहिली चिठ्ठी त्यांना आवडली होती. मी चार दिवस तो कागद खिशात घेऊन फिरलो. हेही सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा गाळलं असं होईल. आज सकाळी नाही म्हणून कळवलं.

*

चाकूर, दुसरा दिवस

इथून पुढचं पेन्सिलीनं आहे इंदू, नीट दिसत नसेल तर उजेडात धर. तुझ्या सासरच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. तू आत चहा ठेवतेस. हा कागद तुझ्या हातात देऊन मी उठणार आहे, चहाला थांबणार नाही. तू अशीच पदर घेऊन मामांकडं जा. आधी एकटी वाचत बसू नको.

मामा, सकाळच्या मोटारीनं आलो. पाचही भांडी मांडीवर आणि पायात धरून आणली. उतरंडीतल्या त्या भांड्याचं झाकण मात्र लोह्याच्या पुढं रस्त्यात फुटलं. ते माझ्याकडून, तुमचं त्यात काही नाही.

डेरा तुमच्या परसात होता तिथंच ठेवलाय, आत्ताच, मागच्या बाजूनं येऊन. तुम्ही ओसरीवर पाठमोरे बसला होता, मी हाक मारली नाही. फोडायचं माझ्या मनात लई आलं होतं. पण तुमचं वंगाळ तुम्हीच फोडता. मामीनं राख भरावी, नाहीतर तुम्ही फोडावा, तुमचं तुम्ही बघा.

बाकीची चार माझ्याजवळ आहेत. आज बाजार आहे. तुम्ही जिथं बसता, चिंचेच्या अलीकडं, तिथं मी ती मांडून बसणार आहे. विकायला नाही. येईल त्याच्या हातात देणार, वाजवा म्हणणार, आणि कोणी विचारलं, न विचारलं तरी, नांदेडला काय झालं ते सांगणार. चोरून आणल्याचं, चिठ्ठीचं, आणि साहेबांपुढं काय म्हणलो त्याचं. माधवराव लातूरहून बाजाराला येतात, त्यांना सगळ्यात आधी. केवळाबाईला तिच्या घरी जाऊन. लोक हसतील. मी लहानपणी तुमच्या चिखलात लोळलेला सगळ्यांनी पाहिलाय, त्यांना हसायचा हक्क आहे.

त्यानं तुमचं परत येईल का, मला माहीत नाही. तीस वर्षांनी एक बाई वाजवायला लागली ती पुन्हा न वाजवता नेईल, असं मी तुम्हाला कसं सांगू? संक्रांत सात दिवसांवर आहे. चाक फिरवा असं म्हणायला माझं तोंड नाही. गोवऱ्या तेवढ्या काढायला मामीला सांगा. वाळल्या असतील.

उठायचं असेल तर आता उठा. इंदूनं मान वर करेपर्यंत मी चिंचेपाशी पोचलेला असेन. तुम्ही मागून आलात तर मी वळून बघणार नाही, बघायचं धैर्य होणार नाही. पण कोणी विचारलं, हे कोण, तर या वेळी सांगेन.

गुरुबसप्पा कुंभारांना ओळखणारा,
मार्तंड